मापाचं मूल

होडी टेकण्याआधीच चंद्रकलाने ताणकाट्याची पिशवी खडकावर टाकली आणि मागोमाग उडी घेतली. पाय सावरून वर बघितलं तर समोर दार होतं.

दार म्हणजे नुसती चौकट. सागवानी, काळी पडलेली, उंबऱ्यासकट. पाण्याच्या काठाशी, दोन्ही अंगांना दगड रचून उभी केलेली. तिला भिंत नव्हती, मागे घर नव्हतं. धरणावरचं धुकं एका बाजूने तिच्यात शिरत होतं आणि दुसऱ्या बाजूने बाहेर पडत होतं. शिरलेलंच धुकं बाहेर येतंय, याची मात्र खात्री वाटत नव्हती.

"त्यातनं जाऊ नका, बाई," नथू होडीतूनच म्हणाला. "वळसा घाला."

"का?"

"दुसऱ्याच्या घरातनं कशाला जायचं."

"घर कुठंय?"

नथूने वल्ह्याने पाणी दाखवलं. "त्ये काय. खाली."

चंद्रकलाने वळसा घातला. चढ चढायला लागल्यावर तिच्या लक्षात आलं की आपण खरंच वळसा घातला, आणि तिला स्वतःचा राग आला. ती पौडची. उपकेंद्रावर नर्स म्हणून येऊन तिला वर्ष होत आलं होतं, आणि असल्या गोष्टींना हसण्याचा तिला चांगला सराव होता.

कातळवाडी मुळात इथली नव्हतीच. धरणाचं पाणी चढलं तेव्हा आज्या-पणज्यांनी खालच्या गावातून जे उपटता आलं ते उपटून वर आणलं. भाताची खाचरं उपटता येत नाहीत, त्यामुळे ती खाली राहिली. चौकटी आल्या. वर कातळावर घरं बांधली ती बसकी, आणि चौकटी होत्या पाटलांच्या वाड्याच्या. दार हत्तीचं आणि खोली शेळीची, अशी सगळी वाडी. माणसं दारातून जात तेव्हा डोक्यावर हातभर जागा मोकळी राही. "खालची मानसं उंच व्हती," असं सगळे सांगत. पूर्वी पाऊस बरा व्हायचा, असं म्हणावं त्याच सुरात. त्यातही हैबतराव पाटील सगळ्यांत उंच. पाणी आलं तरी ते ओसरीवरून उठले नाहीत. अजून तिथंच बसलेत, असं म्हातारा कुशाबा सांगे.

"कंटाळले नसतील?" चंद्रकलाने एकदा विचारलं होतं.

"तंबाखू हाय त्येंच्याकडं," कुशाबा म्हणाला होता.

आणीबाणी संपून वर्ष-दीड वर्ष झालं तरी नर्सची होडी दिसली की वाडीतले पुरुष रानात निघून जात. न जाणो, कुणाची नसबंदी करून टाकायची. आज कुणी गेलं नव्हतं. सगळे बहिरूच्या अंगणात उकिडवे बसले होते. बहिरूच्या घराला पुढच्या बाजूने मोठं भगदाड होतं आणि त्यावर गोणपाट टांगलं होतं.

"चौकट काढलीस?" चंद्रकलाने विचारलं.

"ज्याची त्याला दिली," बहिरू म्हणाला. तो उभा राहिला तरी तिच्या खांद्याशी येत होता. "हैबतरावाच्या घरची व्हती. म्हनलं, तीच न्यायला आला असंल तर घिऊन जाऊ दे."

"कोण आला असेल?"

बहिरूने गोणपाटाकडे हनुवटी केली.

बहिरूची बायको जया बाळंत झाल्याचं तिला नथूने सांगितलं होतं. कातळवाडीत जायचं म्हटलं की ती होडीतच मन घट्ट करून घेई. इथे मूल सशाएवढं जन्मायचं. कातडीला सुरकुत्या, म्हाताऱ्यासारखं तोंड, रडणं मांजराच्या पिलाचं. आणि सगळे म्हणायचे, बरं झालं, अलगद सुटली. त्यांतली काही पहिल्या थंडीत जायची. उरलेली सशांची माणसं व्हायची. आक्काबाईची, म्हणजे जयाच्या सासूची, बहिरूच्या आधीची तीन गेली होती.

आत अंधार होता. एका कोपऱ्यात जया भिंतीला टेकून बसली होती, दुसऱ्या कोपऱ्यात फडक्यात मूल, आणि मधे आक्काबाई. वेगळ्या मालकांच्या दोन शेळ्या राखाव्यात तशी.

चंद्रकलाने फडकं सोडलं आणि तिचा हात आपोआप मागे आला.

दंडांना वळ्या होत्या. मनगटाला दोरा बांधल्यासारखी घडी. भरलेले गाल, गोल डोकं, मोठे पंजे. पौडच्या दवाखान्यात अशी मुलं ती रोज बघे, आणि बघून विसरेही. पण या खोलीत, या उजेडात ते मूल फार मोठं दिसलं. क्षणभर तिलाही वाटलं की कुणीतरी मोठं माणूस इथं निजलंय आणि आपण त्याच्या अंगावरचं पांघरूण ओढलं.

तिने आढ्याला ताणकाटा अडकवला, झोळी लावली, मूल झोळीत ठेवलं. पितळी पट्टीतली सुई खाली सरकायला लागली. कातळवाडीत ती जिथे थांबायची तिथे थांबली नाही. गोणपाटापाशी उभ्या असलेल्या बायका एक पाऊल मागे झाल्या.

"तीन किलोच्या वर," चंद्रकला म्हणाली, आणि आनंदाने हसली.

दुसरं कुणी हसलं नाही.

"काटा काय म्हनला?" बाहेरून कुशाबाने विचारलं.

"चांगलं वजन आहे."

"ते झालं. कुनाचं हाय?"

जया भिंतीशी पुटपुटली, "दूध पिऊ देत न्हाईत, बाई."

"देतो की," आक्काबाई म्हणाली. "सकाळी एकदा, सांजला एकदा. जरा आटू दे. मापात आलं की मग आपलं म्हनू."

"आटू दे?"

"बासुंदी आटवत न्हाई व्हय आपन. तसं. जे खालचं हाय ते उडून जाईल, आपलं हाय ते ऱ्हाईल."

आक्काबाईच्या आवाजात दुष्टपणा नव्हता. डाळ कशी निवडायची ते सांगावं तसं ती सांगत होती. चंद्रकलाने मुलाच्या टाळूवर बोटं ठेवली. टाळू खोल गेली होती. ओठ सुकले होते. मूल रडतही नव्हतं. आपली मूठ चोखत आढ्याकडे बघत होतं.

ते एवढं मोठं का झालं, यात काही गूढ नव्हतं. आषाढात जयाच्या आईचा पाय मोडला म्हणून जया कासार आंबोलीला माहेरी गेली ती दसऱ्यालाच परतली. तिथे तिच्या आबांची म्हैस होती. घरात मिश्री नव्हती, कारण आबांना वासाने शिंका यायच्या. आणि पोटुशी बाईने अर्धी भाकरी खायची असते, हे त्या घरात कुणाला माहीतच नव्हतं. कातळवाडीत ते शेंबड्या पोरालाही माहीत होतं. पोट एकच, त्यात भाकरी तरी मावेल नाहीतर पोर. बाईने भर घातली की पोर फुगतं आणि बाळंतपणाला अडतं. म्हणून अर्धी खायची. भूक लागलीच तर तव्यावर जाळलेली तंबाखू, ती मिश्री, दातांना घासायची. भूक मरते. मग डोक्यावर पाण्याचा हंडा घ्यायचा आणि कातळ चढायचा.

"आक्काबाई, ऐका," चंद्रकला म्हणाली. तिचा आवाज चढला होता. "याच्यात जास्तीचं काहीच नाहीये. मूल एवढंच असतं. पौडला जा, पुण्याला जा, कुठंही जा. मापाचं मूल ते हेच."

आक्काबाईने मान वर केली.

"मग बाकीची?"

गोणपाटापाशी बायका उभ्या होत्या, कडेवर आपापले ससे घेऊन. एक ससा शिंकला.

उत्तर चंद्रकलाच्या तोंडात तयार होतं: आई उपाशी राहिली की पोटातलं मूल वाढत नाही. नर्सच्या शिकवणीच्या वर्गात ते तिने पाठ म्हणून दाखवलं होतं, बाईंनी शाबासकीही दिली होती. ते दातांपर्यंत आलं. मग तिला आक्काबाईचा हात दिसला. मुलाच्या फडक्याचा कोपरा तिने मुठीत धरला होता आणि मूठ पांढरी पडली होती.

चंद्रकलाने मूल झोळीतून उतरवून फडक्यावर ठेवलं.

"तुमचं बरोबर आहे," ती म्हणाली. "हा खालचाच."

जयाने तिच्याकडे असं बघितलं की जणू हीसुद्धा पाण्यात गेली.

"पण मग एक सांगा, याला वाळवताय कुणाला विचारून?" चंद्रकला आता अंगणाकडे तोंड करून बोलत होती. "वाट्यानं दिलेली शेळी तुम्ही वाळवून परत करता का?"

अंगणात हालचाल झाली. कातळवाडीत कायदे फारसे कुणी पाळत नसे, पण हा एक पाळत. दुसऱ्याने सांभाळायला दिलेली शेळी ज्याच्या दारी सुकली, त्याला पुन्हा कुणी शेळी देत नसे. मुलगीसुद्धा विचार करून देत.

"हे बी खरं," कुशाबा सावकाश म्हणाला. "पाटील इचारतील. धाडला तवा केवढा व्हता, आन आता केवढा हाय."

"विचारणारच. आणि काट्यावर चढलाय तो. सगळ्यांनी बघितलंय."

"खातो काय त्यो?" बहिरूने विचारलं.

"आईचं दूध. मागेल तेव्हा."

"आन आई?"

"दोन्ही वेळा पोटभर भाकरी. डाळ. शेंगदाणे. शेळीचं दूध. ती खाईल ते त्याला पोचतं. आणि मिश्रीचा वास या घरात नको, त्यांना सोसत नाही."

कुशाबाच्या भुवया वर गेल्या. "पाटलांना? त्ये तर सवता तंबाखू खायचे."

"सोडली," चंद्रकला म्हणाली. "इतकी वर्षं पाण्यात बसून खोकला झाला."

कुशाबाने यावर विचार केला आणि मान हलवली. पटण्यासारखं होतं.

आक्काबाईने मूल उचललं, जयाच्या मांडीवर ठेवलं आणि पाठ करून बसली. मूल असं तुटून पडलं की तो आवाज ऐकून बाहेर कुशाबाने हात जोडले.

पुढच्या खेपांना चंद्रकला होडीत मनातल्या मनात हसत जाई. कातळवाडी पाहुणचाराला कमी पडली नाही. एका घरातून शेंगदाणे येत, दुसऱ्यातून अंडं. हे सगळं जया खाई आणि हैबतरावाला पोचे. मुलाला आता तिसरी हनुवटी आली होती. धुराचा त्रास नको म्हणून चूल बाहेर पडवीत नेली होती. कुशाबा रोज सकाळी येऊन मुलाला वाडीच्या तक्रारी सांगे. एका बांधाचं भांडण बहात्तरच्या दुष्काळापासून अडलं होतं. ते कुशाबाने मुलापुढे मांडलं, मुलाने पूर्वेच्या अंगाला तोंड करून दूध उलटलं, आणि बांध पूर्वेवाल्याचा ठरला. दोन्ही बाजूंनी मान्य केलं. तलाठ्यापेक्षा बरा, असं हरलेल्यानेही म्हटलं.

"बाई," जयाने तिला एकदा हळूच सांगितलं, "ह्यो आबांवर गेलाय. नाक बघा. खालच्याचं कसलं."

"बाहेर बोलू नकोस."

"न्हाई बोलत. भाकरी बंद व्हईल."

त्या दिवशी परत निघताना चंद्रकला काठावर आली आणि थबकली. चौकटी तीन झाल्या होत्या.

पहिल्या चौकटीशेजारी, तिच्याच ओळीत, तोंड पाण्याकडे. तिसरीपाशी सारजाबाई दगड रचत होती. तिला पाचवा होता. चेहरा भरला होता, डोळ्यांखालचा काळेपणा गेला होता. चंद्रकलाला वर्षभर जे सांगून जमलं नव्हतं ते सगळं सारजाच्या अंगावर दिसत होतं.

"माज्याकडं बी येनार हाय कुनीतरी," सारजा म्हणाली. "सासूबाईनंच चौकट काढून दिली. दोन-दोन भाकऱ्या खाते, बाई. मिश्री बी सोडली."

"छान," चंद्रकला म्हणाली.

"कोन यील, तुमाला काय अंदाज?"

"तो... तो त्यांच्या मर्जीचा प्रश्न आहे."

वाडीतल्या तीन घरांना आता दारं नव्हती. गोणपाटातून वारा आत जात होता आणि आत पोरं खोकत होती. होडीत बसल्यावर चंद्रकलाने ठरवलं की पुढच्या खेपेला सगळं सरळ सांगून टाकायचं. नथू वल्हवत होता.

"एक इचारू?" तो म्हणाला. "सारजाचं निघालं सशाएवढं, तर?"

"नाही निघायचं. खातेय ती."

"खाते दोन म्हैन्यापासनं. हंडं बी वाहते, लाकडं बी वाहते. समजा निघालं. मग काय म्हनायचं? खालच्यांनी पाठ फिरवली? का सारजानं कायतरी केलं?"

चंद्रकलाने ताणकाट्याची पिशवी मांडीवर ओढून घेतली.

"आमी कुशाबाला म्हनलो, नर्सबाई म्हनल्या म्हंजे खरं असंल," नथू म्हणाला. टोमणा होता की नाही ते त्याच्या तोंडावरून कळेना. "तुमी शिकलेल्या."

तिने मागे वळून बघितलं. सूर्य डोंगराआड गेला होता आणि पाण्यावरून धुकं काठाला लागत होतं. तीन चौकटी पाण्याकडे तोंड करून उभ्या होत्या, उंबऱ्यासकट, नीट. पाणी पहिल्या उंबऱ्यापासून हातभर खाली होतं. त्या पाण्यात कुणी नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. तरी तिला वाटलं की कुणीतरी अगदी जवळ येऊन थांबलंय, आणि या म्हटल्याशिवाय आत येऊ नये एवढीच रीत पाळतंय.

पुढच्या खेपेला तिने सरळ काही सांगितलं नाही. त्याच्या पुढच्याही नाही. सारजाला हंडे वाहू देऊ नका, येणाऱ्याला धक्के बसतात, एवढं मात्र ती सांगून आली. आक्काबाई हे सगळं ऐके. ती जयाला वाढी, पाटलांचं नाव घेऊन वाढी, तिने दुसरी भाकरी नको म्हटलं तर रागावे. पण चंद्रकलाच्या डोळ्याला डोळा देत नसे. मूल काट्यावर चढलं की ती मुलाकडे बघत नसे. सुईकडे बघे.

माघातल्या एका सकाळी चंद्रकला कातळवाडीच्या काठावर परतीच्या होडीची वाट बघत उभी होती. नथूची होडी अजून पलीकडे ठिपक्याएवढी होती. मागे पावलं वाजली. आक्काबाई डोक्यावर पाटी घेऊन उतरत होती. ती वळसा न घालता हैबतरावाच्या चौकटीतून सरळ आली, उंबऱ्यावर पाय देऊन, आणि पाटी खाली ठेवली.

"काटा लावा," ती म्हणाली.

पाटीत दोन दुधी होते, एक बेताचा, एक त्याहून लहान. तिसरं हिरवं वाळूक. शेजारी फडक्यात बांधलेल्या नाचणीच्या भाकऱ्या, अजून वाफ धरलेल्या.

"काय आहे हे?"

"माज्या येलावरचं हाय. रोज बघत व्हते. तेवढं झालं तसं तोडलं."

"केवढं?"

आक्काबाईने बेताचा दुधी उचलला. एक हात देठाखाली, मान धरावी तसा, दुसरा बुडाला. उचलून तिने तो छातीशी धरला, जरासा वर-खाली केला, आठवून बघितल्यासारखा. चंद्रकलाने पिशवीतून काटा काढला.

काटा टांगायला तिथे चौकटीशिवाय दुसरं काही नव्हतं. तिने तो वरच्या लाकडाला अडकवला आणि झोळी लावली.

"नातवाची सुई पयल्या दिशी कुटं आली व्हती, तितं अंगठा धरा," आक्काबाई म्हणाली. तिला आकडे वाचता येत नव्हते.

चंद्रकलाने पितळी पट्टीवर अंगठा टेकवला.

"न्हाई. जरा खाली. हां."

बरोबर होतं. तीनच्या आकड्याच्या किंचित खाली, म्हणजे तीनहून जरा जास्त.

आक्काबाईने दुधी झोळीत निजवला. सुई खाली आली, डुगडुगली आणि अंगठ्याच्या बरीच वर, निम्म्यापाशी थांबली. दोघी सुईकडे बघत राहिल्या. ती आणखी हलली नाही.

"थोरला," आक्काबाई म्हणाली. "नाव न्हाई ठिवलं."

मग तिने फडकं सोडलं आणि एक भाकरी उचलून दुधीशेजारी झोळीत ठेवली. सुई केसभर सरकली. तिने दुसरी ठेवली. तव्यावरून उतरलेली भाकरी टोपल्यात लावावी तशी, कडेला कड जुळवून. तिसरी. चंद्रकलाला सांगायचं होतं की हे असं नसतं, भाकरीचा हिशोब असा सरळ लागत नाही, त्यात पाणी असतं, कष्ट असतात, धूर असतो, नशीबही असतं. पण झोळी हेलकावत होती आणि तिचा मोकळा हात ती थोपवण्यात गुंतला होता. भाकऱ्यांचा ऊबदार वास येत होता. आक्काबाई आणखी एक ठेवत होती. तिला घाई नव्हती.

सुई अंगठ्याला टेकली.

आक्काबाईने हात थांबवला. फडक्यात वाकून बघितलं. भाकऱ्या उरल्या होत्या.

"एवढंच?" ती म्हणाली.

होडी आता नथू ओळखू येण्याइतकी जवळ आली होती. वल्ह्याचा आवाज पाण्यावरून येत होता. चंद्रकलाचा अंगठा पट्टीवर तसाच होता.

आक्काबाईने भाकऱ्या एकेक करून काढल्या, फडक्यात रचल्या. दुधी काढला, पाटीत पदराच्या सावलीत ठेवला, त्याच्या देठाला वारा लागणार नाही असा. मग लहान दुधीला दोन्ही हात घातले.

"अंगठा हलवू नका, बाई," ती म्हणाली.